‘बनगरवाडी’चे अध्यापन आणि मेंढरांचा इतिहास

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मराठीच्या वर्गात बहुधा ‘ग्रामीण कादंबरी’ या सदराखाली शिकविली जाते. प्रादेशिकता, व्यक्तिचित्रण, बोली, वातावरणनिर्मिती असे मुद्दे ठरलेले असतात. त्यांत मेंढरे वातावरणनिर्मितीच्या वाट्याला येतात आणि त्यांचा विचार तेथेच संपतो. वस्तुतः माणूस आणि पाळीव जनावर यांचा सामायिक इतिहास शिकविण्यास याहून समर्थ संहिता मराठीत क्वचितच सापडेल.

औंध संस्थानातील या वाडीत मास्तर येतो तेव्हा शाळा बंद पडलेली असते. पोरे शाळेत बसली तर मेंढरांमागे कोण जाणार, हा वाडीचा प्रश्न आहे. तो अज्ञानाच्या खात्यावर टाकणे सोपे. परंतु मूलतः तो श्रमाच्या वाटणीचा प्रश्न आहे. शेकूचा प्रसंग याच दृष्टीने वाचावयास हवा. जोडीचा बैल न मिळाल्याने त्याची बायको स्वतः औताला जुंपून घेते. दारिद्र्याचे करुण चित्र म्हणून हा प्रसंग वर्गात हमखास सांगितला जातो. मात्र जनावराची उणीव घरातील कोणाच्या अंगाने भरून निघते, हे विचारले जात नाही.

अखेरच्या दुष्काळात वाडी ओस पडते. येथे मराठीच्या प्राध्यापकाने इतिहास विभागाचे दार ठोठावण्यास हरकत नसावी. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. इ. स. पू. १०००च्या सुमारास तेथील ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊसमान घटून शेती खालावली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या अर्धभटक्या जीवनाकडे वळले, असा अर्थ म. के. ढवळीकर यांनी लावला. हवामानाला किती श्रेय द्यावे याविषयी मतभेद आहेत. शिवाय सुमारे तीन हजार वर्षांचे अंतर ओलांडून थेट साम्य जोडणे धाडसाचेच. तरीही अवर्षणात घर राखावे की कळप, हा पेच दोन्हीकडे आहे. कळप चालू शकतो, घर चालू शकत नाही.

याउलट दुसरा धोका भूतदयेचा. ‘मुक्या प्राण्यांवरील प्रेम’ असे उत्तर विद्यार्थी सहज लिहितो. धनगर मेंढरे जपतो, तशीच ती विकतोही. लोकर कातरतो, शेतात कळप बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेतो. जिव्हाळा आणि हिशेब येथे वेगळे काढता येत नाहीत, आणि माडगूळकरांनी ते काढलेलेही नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रातील काही धनगर कुटुंबे पावसाळा सरल्यावर आजही मेंढरांसह कोकणात उतरतात. त्यांच्यापैकी एखाद्याचा मुलगा या वर्गात बसलेला असू शकतो. कळप कोणत्या वाटेने न्यावा, कोणाच्या शेतात बसवावा, हे त्याने घरी पाहिलेले असते. प्रश्नपत्रिका मात्र त्याला कारभाऱ्याचे व्यक्तिचित्र रेखाटण्यास सांगते.