बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी: फी दिसते, खर्च दिसत नाही

"बायोटेकला ॲडमिशन घ्यावी का?" करोनानंतर हा प्रश्न फार वाढला. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव घराघरांत पोचलं, आणि लस म्हणजे बायोटेक, बायोटेक म्हणजे नोकरी, असं समीकरण पक्कं झालं. कॉलेजांच्या माहितीपुस्तिकांनीही ते उचललं. तुम्हाला पुढे संशोधनात यायचं असेल, तर हे समीकरण एकदा तपासून बघायला हवं.

उदाहरण म्हणून शिरूर तालुक्यातलं केंदूर घेऊ. पुण्यात राहणाऱ्या मुलाला फक्त फी भरायची असते. केंदूरच्या मुलीला फीबरोबर खोली, मेस आणि प्रवासही भरावा लागतो. शिवाय हा पट्टा कमी पावसाचा. कांद्याला भाव मिळाला तर वर्ष बरं, नाहीतर फीचा दुसरा हप्ता उसनवारीवर. अशा घरात डिग्रीचा निर्णय हा पैशाचाही निर्णय असतो.

आधी हिशेब

आकडे कॉलेजप्रमाणे बदलतात, म्हणून समजुतीपुरते धरू. फी वर्षाला ५०,०००. राहणं-जेवण महिना ८,०००, म्हणजे दहा महिन्यांचे ८०,०००. एका वर्षाचे १,३०,०००, तीन वर्षांचे ३,९०,०००. आणि इथं थांबता येत नाही, कारण या डिग्रीचा खरा उपयोग एम.एस्सी.नंतर सुरू होतो. पाच वर्षांचे झाले साडेसहा लाख.

फी एवढी का? बायोटेकचा कोर्स बहुतेक कॉलेजांत विनाअनुदानित चालतो. शिक्षकांचे पगार, रसायनं, उपकरणं, सगळं मुलांच्या फीमधून. त्याच इमारतीत रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र अनुदानित असेल, तर तिथली फी फारच कमी असते. शिरूरचं चां. ता. बोरा महाविद्यालय किंवा राजगुरुनगरचं हुतात्मा राजगुरू महाविद्यालय इथं घरून ये-जा करून बी.एस्सी. करता आली, तर खोली-मेसचा खर्चही वाचतो.

आता न दिसणारा खर्च. केंद्र सरकारची इन्स्पायर-शे शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे: ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना ती मिळू शकते, जास्तीत जास्त पाच वर्षं. तिच्या १८ विषयांच्या यादीत जीवरसायनशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आहे. बायोटेक्नॉलॉजी नाही, कारण तो उपयोजित विषय धरला जातो. म्हणजे हुशार मुलगी फॉर्मवर सूक्ष्मजीवशास्त्राऐवजी बायोटेक लिहिते आणि चार लाखांवर पाणी सोडते. माहितीपुस्तिकेत हे सापडणार नाही.

मग नोकरी?

इथंही याद्याच वाचायच्या. १९४५ च्या औषध नियमांत लस, सीरम अशा औषधांच्या उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसाची पात्रता दिलेली आहे. तो विज्ञान पदवीधर असेल तर रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र हा त्याचा मुख्य विषय हवा, शिवाय अनुभव हवा. ज्या लसीमुळे बायोटेकचं नाव झालं, तिच्याच नियमात बायोटेकचं नाव नाही. याचा अर्थ लस कंपन्या बायोटेकवाल्यांना घेतच नाहीत, असा अजिबात नाही. पण मुलाखतीत समोरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराकडे एक जादा पत्ता असतो.

उलट उदाहरणही आहे. अन्नसुरक्षा अधिकारी या सरकारी पदाच्या पात्रतेत बायोटेक्नॉलॉजीची पदवी चालते. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्रही चालतं, रसायनशास्त्राला मात्र एम.एस्सी. लागते. तेव्हा "बायोटेकला स्कोप नाही" हेही अर्धवट आणि "बायोटेकला खूप स्कोप आहे" हेही अर्धवट. 'स्कोप' हा शब्द बाजूला ठेवा आणि विचारा: कोणतं पद, कोणती पात्रता?

संशोधनाची वाट

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. सीएसआयआर-यूजीसी नेटचा पेपर 'जीवविज्ञान' या नावाचा आहे, बायोटेक्नॉलॉजीच्या नावाचा नाही. आयआयटीच्या जॅम परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे खरा, पण वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलेली मुलंही तो देतात आणि उत्तीर्ण होतात. पीएच.डी.ला बसणाऱ्याला बी.एस्सी. बायोटेक अनिवार्य आहे, असं मला कुठेच दिसत नाही.

स्वतःच्या पायावर उभं राहणं सुरू होतं ते फेलोशिपपासून. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. पण तिथवर पोचायला तीन अधिक दोन, अशी पाच वर्षं घरच्यांना सांभाळावी लागतात. नव्या धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळाले तर थेट पीएच.डी.चा रस्ता आहे. तरी प्रवेश आणि फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

मग या डिग्रीत चांगलं काय?

आहे ना. रेणवीय जीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, ऊतिसंवर्धन हे विषय पहिल्यापासून एकत्र भेटतात. एम.एस्सी.त गेल्यावर ही मुलं शब्दांना अडखळत नाहीत. पण हा फायदा प्रात्यक्षिकांवर उभा आहे. पीसीआरचं यंत्र काचेआडून दाखवलं आणि जर्नलमध्ये आकृती काढून घेतली, तर जादा फी नेमकी कशाची दिली?

केंदूरच्या शेजारीच पाबळ आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम सुरू केला तो याच मुद्द्यावर: हाताने करत शिकायचं. अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केलेल्या, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेल्या माणसाने त्यासाठी दुष्काळी गाव निवडलं. बायोटेकचा कोर्स निवडताना हीच कसोटी लावा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये न थांबता तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. विचारा: डीएनए स्वतःच्या हाताने किती वेळा वेगळा केलात? एका मायक्रोपिपेटमागे किती जण? उन्हाळ्यात विज्ञान अकादम्यांच्या संशोधन फेलोशिपला कोणी गेलं का? मागच्या बॅचचे किती जण एम.एस्सी.ला कुठं लागले? कॉलेज जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'स्टार कॉलेज' योजनेत असेल, तर प्रयोगशाळेला बाहेरून निधी आलेला असतो, तेही विचारा.

माझं मत सरळ आहे. घरची पाच वर्षांची तयारी असेल आणि प्रयोगशाळा खरोखर चालती असेल, तर बायोटेक घ्या. तयारी तीनच वर्षांची असेल, तर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घ्या, शक्यतो अनुदानित तुकडीत. दुसऱ्या वाटेने गेल्यामुळे संशोधनाचं दार बंद होत नाही. उलट वाचलेल्या पैशांत एम.एस्सी.चं एखादं वर्ष निघतं, आणि एखाद्या वर्षी कांद्याचा भाव पडला तरी शिक्षण अर्ध्यावर सुटत नाही.