गाठ विरली, म्हणजे रोग हटला?

'औषधाने स्तनातील गाठ पूर्ण विरघळली. शस्त्रक्रियेच्या वेळी कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही', अशा अर्थाच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. बातमी बहुधा खोटी नसते. 'म्हणून हे औषध प्राण वाचवते' हा तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

आक्रमक स्तनकर्करोगात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया हा क्रम आता रूढ झाला आहे. त्यामागील एक मूळ तर्क आकर्षक होता. मूळ गाठ काढल्यावर शरीरात इतरत्र दडलेल्या पेशी जोमाने वाढतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. मग औषध आधीच दिले तर? अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९८८ ते १९९३ या काळात १५२३ स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी केली. औषधे तीच, एका गटाला शस्त्रक्रियेआधी, दुसऱ्याला नंतर. नऊ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९ व ७० टक्के निघाले. पूर्ण स्तन न काढता भागलेल्या स्त्रियांचे प्रमाण पहिल्या गटात अधिक होते, हा लाभ खरा. आयुष्य मात्र वाढले नाही.

परंतु याच चाचणीत असेही दिसले, की ज्यांच्या गाठीत पेशी उरल्या नाहीत, त्या स्त्रिया इतरांपेक्षा अधिक काळ जगल्या. गफलत होते ती येथेच. सहामाही परीक्षेत चांगले गुण मिळवणारी मुले वार्षिक परीक्षेतही बहुधा चांगले गुण मिळवतात, हा आपला अनुभव आहे. पण एखाद्या शिकवण्याच्या पद्धतीने वर्गाचे सहामाहीचे गुण वाढले, तर वार्षिक निकालही तेवढाच सुधारेल, असे आपण छातीठोकपणे सांगू का? गाठ विरणे ही सहामाही आहे. दीर्घकाळ जगणे ही वार्षिक.

२०१४ साली १२ चाचण्यांमधील सुमारे १२ हजार स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. एकेका रुग्णापुरते पाहता गाठ नाहीशी होणे हे शुभचिन्ह ठरले, विशेषतः आक्रमक प्रकारांत. परंतु एका औषधाने अधिक गाठी विरल्या म्हणून त्या गटाचे आयुष्यही त्या मानाने वाढले, असे दाखवता आले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत पेंब्रोलिझुमॅब या औषधाबाबत अमेरिकेच्या सल्लागार समितीने एकमताने 'पुढील निकाल येईपर्यंत थांबा' असे सुचवले, ते उगीच नव्हे. पुढचे निकाल अनुकूल आले आणि त्याच वर्षी जुलैत मान्यता मिळाली. २०२४ मध्ये आयुष्य वाढल्याचेही दिसून आले.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तर आपल्याच रुग्णांवर हा प्रश्न तपासला. 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारच्या ७२० स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या केमोथेरपीच्या जोडीला कार्बोप्लॅटिन हे तुलनेने स्वस्त औषध दिले आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार लाभ झाला तो मुख्यतः पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना.

मग औषध आधी द्यावे कशाला? त्याचे मोठे मोल वेगळेच आहे. गाठ आधी काढून टाकली, तर औषध लागू पडते की नाही हे समजायला काही उरत नाही. जपान व कोरियातील एका चाचणीत केमोथेरपीनंतरही पेशी उरलेल्या ९१० स्त्रियांची निवड केली. त्यांतील निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर कॅपेसिटाबिन दिले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८३.६ वरून ८९.२ टक्के झाले. अहवालात 'पेशी शिल्लक' हे शब्द वाचून घरची माणसे खचतात. पण तो शेवटचा निकाल नसतो, पुढचे औषध ठरवण्याची ती खूण असते.

अशी बातमी वर्गात वाचली, तर विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारायला लावावेत: मोजले काय? आणि सांगितले काय?