झरीना हाश्मी : लाकडात कोरलेले घर

झरीना हाश्मी यांच्याविषयी लिहिताना 'फाळणीची वेदना' हे शब्द इतक्या सहजपणे वापरले जातात की मग त्यांचे चित्र पाहण्याची गरजच उरू नये. वेदना आहेच. १९३७ साली अलिगढला जन्म, वडील विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, १९५९ मध्ये आईवडील कराचीला गेलेले. स्वतः झरीना बँकॉक, पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क असे करीत २०२० मध्ये लंडनला निवर्तल्या. पण अलिगढमध्ये त्यांनी पदवी घेतली ती गणिताची. हे ध्यानात घेतले नाही, तर त्या वेदनेला लाभलेली शिस्त कळत नाही.

१९९९ च्या 'होम इज अ फॉरेन प्लेस' या मालिकेत ३६ लाकडी ठसे आहेत. घर, चौखट, दरवाजा, आंगन... प्रत्येक ठशात नस्तालीकमध्ये एकेक उर्दू शब्द आणि मोजक्या काळ्या रेषा. 'घर' म्हणजे चक्क घराचा आराखडा. माणूस कुठेच नाही, रडणे तर नाहीच.

लाकडी ठशात जे कोरून काढावे ते कागदावर कोरे राहते, जे राखावे त्यालाच शाई लागते. २००१ च्या 'डिव्हायडिंग लाइन'मध्ये त्यांनी भारत-पाकिस्तान सीमारेषा कोरलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड तासून काढले आणि रेषा तेवढी शिल्लक ठेवली. गावे, नद्या, नावे सगळे गेले. हातांनी केलेली ही कृतीच त्या चित्राचा आशय आहे. इतिहासाच्या पुस्तकातली पाने माझ्या विद्यार्थ्यांना जे सांगू शकत नाहीत, ते या एका काळ्या रेषेत आहे.

'क्रॉलिंग हाऊस' (१९९४) या मांडणीत धातूची छोटी छोटी घरे भिंतीवरून रांगत निघाल्यासारखी वाटतात. तीही मोजून-मापून केलेली. त्यामानाने उत्तरकाळातील सोन्याच्या वर्खाची कामे आणि भल्यामोठ्या तसबीह मला तितक्या पटत नाहीत. तेथे 'नूर' शोधावा लागत नाही, सोनेच सगळे सांगून टाकते.

'लेटर्स फ्रॉम होम' (२००४) मात्र मनातून जात नाही. बहीण रानी यांनी कराचीत लिहिलेली, न पाठवलेली उर्दू पत्रे. त्यांवर घराचे आराखडे आणि नकाशे छापलेले. एकूण आठ चित्रे. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला त्या ओळी म्हणजे एक सुरेख नक्षी. पण आपले काय? आपल्यापैकी अनेकांच्या घरी मराठी किंवा दखनी बोलली जाते आणि उर्दू लिपी आजोबांच्या कपाटातच राहिली. एका बहिणीने दुसरीला आईबापाच्या मृत्यूची, घर विकल्याची खबर लिहिली आहे, आणि ती वाचता येणारा वाचक आपल्या पुढच्या पिढीत किती उरेल? झरीना यांनी भाषांतर शेजारी छापले नाही. त्यांना ते सुचले नसेल असे मला वाटत नाही.