आठ मार्च आणि नवे बलुते

आठ मार्च जवळ आला की वर्तमानपत्रांची पाने दागिने, साड्या, सौंदर्यप्रसाधने आणि मिक्सर यांच्या जाहिरातींनी भरून जातात. 'तिच्यासाठी खास सवलत' हे या जाहिरातींचे पालुपद. व्यापाऱ्याने माल विकावा यात नवल नाही. तो दिवाळीला विकतो आणि आता चौदा एप्रिललाही विकतो. नवल याचे, की ज्या दिवसाचा जन्म कष्टकरी बायकांच्या मागण्यांतून झाला, तो दिवस एकाही मागणीवाचून साजरा होतो आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नाही. म्हणून या दिवशी स्त्रीला नेमके काय दिले जाते, कोण देते आणि कोणत्या नात्याने देते, हे दलित स्त्रीच्या बाजूने तपासून पाहणे आवश्यक आहे.

१९१० साली कोपनहेगन येथे समाजवादी स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत क्लारा झेटकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला दिनाचा ठराव मांडला, तेव्हा त्यामागे मताधिकाराची मागणी होती. १९१७ साली याच तारखेला पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संपावर गेल्या आणि रशियन राज्यक्रांतीला तिथून तोंड फुटले. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर दोनच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सदस्य राष्ट्रांना असा दिवस पाळण्याचे आवाहन केले. मत, मजुरी आणि भाकरी हे या दिवसाचे मूळ आहे.

आज त्या मागण्यांच्या जागी सत्कार आला आहे. अनेक नगरपालिका आणि संस्था या दिवशी सफाई कामगार स्त्रियांना बोलावतात. साडी, श्रीफळ, गुलाबाचे फूल, पाहुण्यांचे भाषण आणि छायाचित्र. पहाटे रस्ता झाडून आलेली बाई व्यासपीठावर उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच रस्त्यावर असते. ती कंत्राटदाराकडे असेल तर तिला किमान वेतन पुरते मिळते काय, तिचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय, हातमोजे मिळतात काय, झाडण्याच्या हद्दीत तिला लघवीला जायला जागा आहे काय, यांतला एकही प्रश्न तिथे निघत नाही. आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच जातीकडे का, हा प्रश्न तर निघणे शक्यच नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. झाडूकाम आणि मैलाकाम एक नव्हे हे खरे, पण दोन्ही कामे ज्या उतरंडीने वाटून दिली ती उतरंड एकच. सत्कारातले भाषण त्या उतरंडीला 'सेवा' असे नाव देते.

हा व्यवहार आपल्याला नवा नाही. गावगाड्यात येसकराची भाकर दारोदार फिरून मागावी लागे. ती भीक नव्हती, कामाचे मोल होते. पण केव्हा द्यायचे, किती द्यायचे, ताजे की शिळे, हे देणारा ठरवी आणि घेणाऱ्याने जोहार घालून घ्यायचे असे. मोल दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवले की हक्काचा उपकार होतो, हे बलुत्याचे मर्म आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले, आणि पुढच्याच वर्षी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारे बिल मुंबई कायदेमंडळात मांडले. तुकडा नाकारायचा आणि मोलाचा कायदेशीर हक्क मागायचा, ही दोन्ही पावले त्यांनी एकाच लढ्यात टाकली होती. सत्काराची साडी बलुत्याच्याच घराण्यातली आहे. ती घेणाऱ्या बाईच्या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. जाब विचारायचा तो देणाऱ्याला.

या दिवशीच्या भाषणांत स्त्री लक्ष्मी असते, दुर्गा असते, आदिशक्ती असते. जिच्या घरातली एखादी पोर मुरळी किंवा जोगतीण म्हणून देवाच्या नावाने सोडली गेली, तिला ही विशेषणे कशी ऐकू येत असतील? जून १९३६ मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासींसमोर बोलले. त्यांनी त्यांना देवी म्हटले नाही; ते जिणे सोडा, असे सांगितले. देवत्व देणे सोपे असते, कारण देवीला पगार द्यावा लागत नाही.

बाजाराला स्त्री दिसते ती गिऱ्हाईक म्हणून. जिची खरेदीची ऐपत नाही ती त्याच्या लेखी स्त्रीच नाही. आठ मार्चला ऊसतोडीचा हंगाम पुरता संपलेला नसतो. बीड जिल्ह्यातून गेलेल्या जोडप्याला मिळून तिथे 'एक कोयता' म्हणतात. उचल नवऱ्याच्या हाती पडते, फड दोघांनी तोडायचा. पाळीच्या दिवसांत वा बाळंतपणाच्या तोंडावर बाई कामाला गेली नाही तर खाडा पडतो, म्हणजे दंड. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. यांत दलित आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, इतरही आहेत. महिला दिनाच्या कोणत्या सवलतीत या स्त्रियांना जागा आहे?

आपल्या स्त्रियांनी मागण्या करायला कोणाची वाट पाहिली नव्हती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तिने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, आणि गिरण्या, विडी कारखाने व नगरपालिकांतल्या कामगार स्त्रियांसाठी भरपगारी रजा, इजेची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले. हा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात गोळा करून ठेवला आहे. नगरपालिकेच्या झाडूवालीची रजा १९४२ साली ठरावात होती. आजच्या कंत्राटी बाईला रजा घेतली की त्या दिवसाची मजुरी गमवावी लागते.

दोष फक्त बाहेर शोधून भागणार नाही. आपल्या वस्त्यांतही या दिवशी पैठणीचे खेळ आणि हळदी-कुंकवाच्या धर्तीवरचे समारंभ होतात. त्यांत विधवा आणि टाकलेली बाई मागे उभी असते, आणि माइक पुरुष कार्यकर्त्याच्या हाती असतो. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमचं' (१९८६) मध्ये आपल्याच घरांत सुनांचे जे हाल सांगितले, ते वाचून आपण गौरव केला तो लेखिकेचा. घरातला व्यवहार तपासायचा राहूनच गेला. लेखिकेचा गौरव करून तिचे म्हणणे बाजूला ठेवणे, हाही सत्काराचाच प्रकार नव्हे काय?

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, म्हणून तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन मानावा, असा प्रस्ताव दलित स्त्रियांनी १९९० च्या दशकात मांडला. तो रास्तच आहे. परंतु त्यासाठी आठ मार्च व्यापाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना सोडून देण्याचे कारण नाही. कामगार बाईचा तो दिवस आहे आणि आपल्या बहुसंख्य बाया कामगार आहेत. या दिवशी पालिकेच्या दारात साडी घ्यायला उभे राहण्याऐवजी कंत्राटदाराचा हजेरीपट आणि पगारपत्रक मागायला उभे राहावे. साखर कारखान्याच्या फाटकावर खाडा बंद करा आणि मजुरी बाईच्या हाती द्या, असे लिहून न्यावे. आणि आपापल्या घरी, या दिवसाचा स्वयंपाक कोणी केला, हेही विचारावे.