चित्रोपमता आणि टिंटर्नची रहिवासीण

विल्यम गिल्पिनचे वाय नदीच्या प्रवासाचे वर्णन १७८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ग्रामीण प्रदेश 'चित्रोपम' म्हणून न्याहाळण्याचे जणू व्याकरणच इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गाच्या हाती आले. एन्क्लोजरच्या कायद्यांनी गावांच्या सामायिक जमिनी खाजगी होत होत्या, तो हाच काळ. क्लॉड-आरसा नावाचा काळसर, बहिर्वक्र आरसा बाळगणारा प्रवासी तर दृश्याकडे पाठ करूनच ते पाहत असे! रेमंड विल्यम्स (१९७३) व जॉन बॅरल (१९८०) यांनी या दृष्टीमागील वर्गीय अंतर उघड केले, ते मान्यच करावे लागते. मात्र या दृष्टीला दारिद्र्य दिसतच नव्हते, असा त्याचा सरधोपट अर्थ लावणे गिल्पिनच्या संहितेवर अन्याय करणारे आहे. टिंटर्न मठाच्या भग्नावशेषांतील भिकारी तो नोंदवतो. मठाचे ग्रंथालय दाखवायला दोन काठ्यांच्या आधाराने निघालेली बाई प्रत्यक्षात स्वतःचे ओलसर बिऱ्हाडच दाखवते, हेही तो लिहितो. त्याचे मन तेथे गुंतते. तोच गिल्पिन मठाच्या त्रिकोणी शिखरभिंतींची नियमितता हातोड्याने मोडता आली तर बरे, असेही सुचवतो. १७८६ च्या ग्रंथात तर नैतिक दृष्ट्या उद्योगी कारागीर श्रेयस्कर, पण चित्रोपम दृष्ट्या रेंगाळणारा खेडूतच, असा भेद तो निःसंकोचपणे करतो. तेव्हा हा आंधळेपणा नव्हे, निवड आहे. गरीब माणूस रेखाटनात येतो तो केवळ आकृती म्हणून. त्या बाईला आपल्या हालअपेष्टाच सांगायच्या होत्या, हे गिल्पिनने अचूक ओळखले होते; ते सांगणे त्याने प्रवासवर्णनाच्या गद्यात ठेवले, रेखाटनाच्या नियमांत नाही.