भाजीवाला आणि श.

वात्स्लाव हावेल यांच्या ‘सत्ताहीनांची सत्ता’ या निबंधाचे नाव निघाले की जो तो भाजीवाल्याबद्दल बोलू लागतो. चेकोस्लोव्हाकियातील एका सरकारी भाजीच्या दुकानाचा हा व्यवस्थापक. कांदे आणि गाजरांबरोबरच त्याला एक पाटीही येते, जगभरच्या कामगारांना एक होण्याची हाक देणारी. तो ती काचेत लावतो. मजकुराशी त्याला काही देणेघेणे नसते. ‘मी आज्ञाधारक आहे, मला त्रास देऊ नका’ एवढेच त्याला वरच्यांना कळवायचे असते. निबंध १९७८ सालचा. ‘सनद ७७’ वर सह्या करणाऱ्यांचा छळ चालू होता. तिचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर मार्च १९७७ मध्ये वारले. त्यांच्याच स्मृतीस हा निबंध अर्पण केला आहे.

मी तो इंग्रजीतून दोनदा वाचला. एकदा एम.ए.ला असताना आणि आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून. पहिल्या वेळी मी भाजीवाल्यावर भाळलो होतो. या वेळी तो मला थोडा कागदी वाटला.

हावेल सांगतात की एके दिवशी या माणसाच्या आत काहीतरी तुटते आणि तो पाटी लावणे बंद करतो. का तुटते? त्याचे उत्तर निबंधात नाही. नाटककाराने पात्राला रंगमंचावर ढकलावे तसे हे झाले. मात्र त्याची शिक्षा काय, हे ते अचूक सांगतात. व्यवस्थापकपद जाईल, पगार घटेल, बल्गेरियातील सुटी हुकेल, मुलांचे उच्च शिक्षण धोक्यात येईल. हे शेवटचे कलम त्यांनी अर्ध्या वाक्यात उरकले आहे. श्रीमंत घराण्यात जन्मल्याच्या ‘गुन्ह्या’मुळे स्वतः हावेल यांना हवे ते उच्च शिक्षण नाकारले गेले होते. दिवसा प्रयोगशाळेत काम करून रात्रशाळेतून त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले. इतक्या जवळच्या जखमेवर इतके थोडे का लिहावे, हे मला उमगत नाही. आईबापांच्या मतांपायी मुलांना शिक्षण नाकारले जाते, ही तक्रार तर खुद्द सनदेतही आहे.

श.चे तसे नाही. १९७४ मध्ये हावेल एका बिअरच्या कारखान्यात मजुरी करीत होते. तिथला हा त्यांचा वरिष्ठ. त्याला राजकारणात रस नव्हता, बिअर चांगली व्हावी एवढाच ध्यास. कारखान्याचे प्रमुख अडाणी, पण पक्षाच्या जिल्हा समितीत त्यांचे वजन. श.ने त्यांच्याही वरच्यांना पत्र लिहून कारखान्याचे दुखणे सविस्तर कळवले. ते पत्र बदनामीकारक ठरले, श. राजकीय घातपाती ठरला आणि जिथे त्याच्या कौशल्याचा काही उपयोग नव्हता अशा दुसऱ्या कारखान्यात त्याची रवानगी झाली.

एकपक्षीय राज्ययंत्र कसे चालते हे समजून घ्यायला मी या दोन पानांकडे बोट दाखवीन. कागदावर तिथे सारे काही होते. १९६० ची राज्यघटना होती, साडेतीनशे सभासदांची संघीय संसद होती, इतकेच नव्हे तर कम्युनिस्टांखेरीज दुसरे पक्षही होते! फक्त ते सगळे एकाच ‘राष्ट्रीय आघाडी’त होते, उमेदवारांची यादी एकच असे आणि तिला ९९ टक्क्यांहून अधिक मते पडत. चौथ्या कलमाने समाजाचे आणि राज्याचे नेतृत्व कम्युनिस्ट पक्षाला देऊन टाकले होते. १९७५ नंतर पक्षाचा प्रमुख आणि राष्ट्राध्यक्ष एकच, गुस्ताव हुसाक. द्वैभाषिक मुलखातल्या आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९६९ पासून चेक आणि स्लोवाक अशी दोन समान प्रजासत्ताके झाली, त्यांच्या दोन सरकारांसह. पण पक्ष काही तसा विभागला गेला नाही. स्लोवाक पक्ष प्रागच्या केंद्रीय समितीच्या हाताखाली, आणि वेगळा चेक पक्ष नव्हताच. मग सत्ता कुठे राहिली ते उघड आहे. श.च्या पत्राला उत्तर मंत्रालयातून किंवा न्यायालयातून का आले नाही, याचा खुलासाही यातच होतो.

आता माझ्यापुरते. शिक्षा अमलात आणणारी माणसेही मनापासून ती आणत नाहीत, भाजीवाल्याने पाटी लावली त्याच दडपणाखाली आणतात, असे हावेल म्हणतात. तिथे मला पुस्तक मिटावे लागले. त्या देशात मुलाच्या पुढील प्रवेशासाठी लागणारा शेरा शाळेने लिहायचा असे, आणि त्यात घरच्यांची राजकीय वागणूकही येई. म्हणजे ती खुर्ची माझी. आपल्याकडे मत आहे, न्यायालय आहे, पाटी काढली म्हणून भाजीवाल्याच्या मुलाचे कॉलेज बुडत नाही; तुलना ताणण्यात अर्थ नाही. तरी काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाचे परिपत्रक आले होते, अमुक फलक दर्शनी भागात लावून अहवाल पाठवावा. फलक आलाच नव्हता. ‘लावला आहे’ असे लिहून मी सही-शिक्क्यानिशी अहवाल पाठवला. न पाठवता तर फार तर एक स्मरणपत्र आले असते. एका स्मरणपत्राच्या भीतीने खोटे लिहिणारा माणूस त्या मुलाच्या कागदावर काय लिहिता?

२९ नोव्हेंबर १९८९ रोजी चौथे कलम गेले. शिक्षणाला मार्क्सवाद-लेनिनवादाच्या दावणीला बांधणारे सोळावे कलमही त्याच दिवशी बदलले. महिन्याभरात हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. श.चे पुढे काय झाले ते निबंधात अर्थातच नाही.

यंदा शिक्षकांच्या वाचनमंडळात मी हा निबंध ठेवला. भाजीवाल्यावर तासभर रंगून चर्चा झाली. श.वर बोलायला मी उठलो तोवर निपाणीच्या शेवटच्या बसची वेळ झाली होती.