ऋण आणि साक्ष : मराठी आत्मपर गद्यातील शिक्षकाची स्मृती

शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका असो, एखाद्या शिक्षकाच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ असो किंवा उतारवयात लिहिलेले आत्मचरित्र असो, मराठीत माजी विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाविषयी लिहिलेल्या मजकुराचा साचा बहुधा ठरलेला असतो. धोतर, काळी टोपी, हातात छडी. फणसासारखा बाहेरून काटेरी आणि आतून गोड स्वभाव. त्या वेळी जिव्हारी लागलेली पण पुढे ‘उपकारक’ ठरलेली एखादी शिक्षा. आणि अखेरीस बऱ्याच वर्षांनी झालेली भेट, वाकून केलेला नमस्कार, थरथरत्या हाताचा आशीर्वाद. १९६२ पासून ५ सप्टेंबर हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जाऊ लागल्यावर या साच्याला वार्षिक निमित्तही मिळाले. असे लेखन अप्रामाणिक असते असे नाही. परंतु त्यात व्यक्त होणारी भावना लेखकाच्या अनुभवातून येते की प्रसंगाच्या औचित्यातून, हे सांगणे कठीण होऊन बसते. शिक्षकाविषयी कृतज्ञ असलेच पाहिजे हा संकेत इतका प्रबळ आहे, की स्मृती लिहिली जाण्यापूर्वीच तिचा निष्कर्ष निश्चित झालेला असतो.

या संकेताची उत्कृष्ट वाङ्मयीन परिणती पाहावयाची तर पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील ‘चितळे मास्तर’ हे व्यक्तिचित्र पाहावे. शाळेच्या वेळेबाहेरही शाळा चालविणारा, पिढ्यान्‌पिढ्यांना शिकविणारा आणि स्वतःसाठी काहीही न साठविणारा हा मास्तर मराठी वाचकाच्या मनात एका वर्गाचा प्रतिनिधी होऊन बसला आहे. झिजलेल्या टाचांच्या चपलांवर लेखकाने चित्र संपविले आहे. त्या तपशिलात मास्तराचे सारे आयुष्य सामावते. विनोदामुळे भावना आटोक्यात राहते आणि साचा जिवंत होतो. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या चित्राचा निवेदक वर्गात कसा आला, हा प्रश्न तेथे उद्‌भवतच नाही. वर्गात बसणे हा त्याचा सहजप्राप्त हक्क आहे. त्यामुळे शिक्षकाशी असलेल्या त्याच्या नात्यात फक्त देणे शिल्लक राहते, आणि ते देणे मान्य केले की स्मृती पूर्ण होते.

अशा स्मृतीला ‘ऋणाची स्मृती’ म्हणता येईल. तिच्यासमोर दुसऱ्या एका प्रकारची स्मृती ठेवून पाहणे आवश्यक आहे. तिला ‘साक्षीची स्मृती’ म्हणावे. ऋणाची स्मृती आयुष्याच्या शेवटाकडून आरंभाकडे पाहते. जे घडले ते अखेर चांगल्यासाठीच घडले, असे तिला माहीत असते. साक्षीची स्मृती त्या विशिष्ट दिवशी, त्या विशिष्ट बाकावर किंवा बाकाबाहेर बसलेल्या मुलाच्या ठायी थांबू पाहते. पुढे काय झाले याचा आधार ती घेत नाही. पहिली शिक्षकाचे मोठेपण सांगते. दुसरी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये खरोखर काय घडले ते सांगते. एकाच ग्रंथात या दोन्ही स्मृती नांदू शकतात. मात्र मराठी समीक्षेने बहुधा पहिलीलाच ‘हृद्य’ ठरविले आणि दुसरीला ‘कटुता’ या सदरात टाकले. हे वर्गीकरण तपासून पाहण्याजोगे आहे.

ऋणाची स्मृती नेहमी निष्फळच असते, असा याचा अर्थ नव्हे. धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्त’ (१९१५) मध्ये मुरूडच्या सोमण गुरुजींचा उल्लेख येतो. सार्वजनिक कामाची गोडी आपल्याला त्यांच्यामुळे लागली, ही गोष्ट कर्व्यांनी आवर्जून नोंदविली आहे. परंतु त्यांचे गद्य गुरुजींच्या गुणवर्णनात रमत नाही. इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी १८७५ मध्ये मुरूडहून साताऱ्यापर्यंत केलेली पायपीट आणि तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू न मिळणे, हा प्रसंगही ते तितक्याच कोरडेपणाने सांगतात. येथे ऋण शब्दांनी फेडलेले नाही. गुरुजींनी दिलेली वृत्ती पुढील कामात वापरली गेली, एवढेच वाचकाला कळते. कर्व्यांच्या या संयमामुळे त्यांच्या ऋणनिर्देशाला साक्षीची विश्वसनीयता लाभली आहे.

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत हे नाते अधिक गुंतागुंतीचे होते. कागलच्या शाळेत मराठी शिकविणारे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, अभिनय करून शिकवितात. भेटलेल्या कवींच्या आठवणी सांगतात. स्वतःच्या दारातील मालतीच्या वेलावर त्यांनी कविता केलेली असते. मुलाने तो वेलही पाहिलेला असतो आणि ती कविताही वाचलेली असते. कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, आणि डोळ्यांसमोरच्या वस्तूवर कविता होऊ शकते, हा शोध त्या एका वेलामुळे लागतो. मग पिकाला पाणी देताना, म्हशी राखताना तो मास्तरांच्या चाली म्हणू लागतो, दगडावर किंवा म्हशीच्या पाठीवर ओळी लिहू लागतो. पूर्वी नकोसा वाटणारा रानातला एकटेपणा आता त्याला हवासा वाटतो.

या प्रसंगात महत्त्वाचे काय आहे? मास्तर प्रेमळ होते, हे नव्हे. आपण या मुलाचा एकटेपणा बदलून टाकला, ही गोष्ट मास्तरांच्या जाणिवेत असण्याचे कारण नाही. ते नेहमीचा तास घेत होते. शिक्षकाने दिलेले आणि विद्यार्थ्याला मिळालेले यांत जे अंतर पडते, त्याचा हिशेब फक्त विद्यार्थ्यापाशी असतो. ऋणाची स्मृती हे अंतर बुजविते. शिक्षकाने सारे हेतुपूर्वक दिले असे मानते. ‘झोंबी’तील निवेदन ते अंतर राखते. शिवाय त्याआधीची हकीकत विसरता येत नाही. वडिलांनी शाळा सोडवून शेतावर जुंपलेल्या या मुलाला पुन्हा वर्गात येण्यासाठी आईची खटपट आणि गावातील एका वजनदार माणसाचा शब्द लागला. तो शब्द पडला नसता तर मालतीचा वेल तेथेच असता, पण त्याची साक्ष देणारा कोणी नसता.

म्हणजे प्रश्न पुन्हा वर्गाच्या दाराशी येऊन ठेपतो. ज्यांच्यासाठी हे दार अर्धवटच उघडले होते, त्यांच्या लेखनात शिक्षक कसा येतो हे पाहिल्याशिवाय या वाङ्मयाचा विचार पुरा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या मुळात इंग्रजीत लिहिलेल्या आणि त्यांच्या पश्चात १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत बालपणीची शाळा येते. कोपऱ्यात वेगळे बसणे, बसण्याचे गोणपाट रोज घरून आणणे आणि घरी नेणे, आणि तहान लागली तर शिपाई नळ सोडीपर्यंत थांबणे, एवढेच तपशील तेथे आहेत. त्यांतील एक विशेष मननीय आहे. इतर मुलांना पाणी पिण्यासाठी शिक्षकाची परवानगी पुरत असे; या मुलाला ती पुरत नसे. शिपाई हजर नसेल तर पाणी नाही. या नोंदीत शिक्षकाला नाव नाही, चेहरा नाही, रागलोभ नाही. त्याची परवानगी अपुरी आहे, इतकीच त्याच्याविषयीची माहिती आहे. आपल्या वर्गात ज्याच्या शब्दाला पाण्याच्या नळापर्यंतही सत्ता उरत नाही, असा हा शिक्षक आहे. एकही दूषण न देता व्यवस्थेचे इतके नेमके वर्णन शिक्षकविषयक आठवणींत क्वचितच आढळेल.

याच बालपणातील दुसरी आठवण चरित्रकारांनी नोंदविली आहे. मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील खाणे देणाऱ्या आणि आडनाव देणाऱ्या शिक्षकाची ही आठवण लोकप्रिय लेखनात शेकडो वेळा सांगितली गेली. गोणपाटाची आणि नळाची आठवण तितक्या उत्साहाने सांगितली गेली नाही. कारण उघड आहे. पहिली आठवण ऋणाच्या साच्यात बसते, सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला समाधान देते. वस्तुतः या दोन आठवणी परस्परांना खोटे पाडत नाहीत. एकीत व्यक्ती आहे, दुसरीत संस्था आहे. व्यक्तीच्या सौजन्याची आठवण पुढे करून संस्थेची साक्ष मागे ढकलणे, हा मात्र वाचनाचा दोष आहे.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये संस्कृत शिकण्याची जी हकीकत आली आहे, तिच्यात हे दोन्ही पदर एकत्र गुंफलेले दिसतात. गोखले गुरुजींचा सनातनी वेष पाहून, हे आपल्याला संस्कृत शिकविणार नाहीत, अशी भीती त्या मुलीच्या मनात बसते. प्रत्यक्षात ते शिकवितात, आणि चांगले शिकवितात. येथे लेखिकेने आपली भीती चुकीची होती असे म्हणून पुसून टाकलेली नाही. ती भीती निराधार नव्हती; ती एका गुरुजींच्या बाबतीत खोटी ठरली, इतकेच. पुढे संस्कृतची एम. ए. ही पदवी मिळवूनही नोकरीसाठी फिरावे लागणे, आणि माहेरच्या आडनावाने जे मिळाले नाही ते विवाहानंतरच्या आडनावाने मिळणे, हा भाग वाचला म्हणजे गुरुजींविषयीची कृतज्ञता किती जपून, किती तोलून व्यक्त झाली आहे ते कळते. गुरुजींना त्यांचे श्रेय मिळते. व्यवस्थेला मात्र ते श्रेय उसने घेता येत नाही.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये याच्या उलट टोकाचा प्रसंग आहे. शाळेतील शेण काढण्यास नकार दिला म्हणून गुरुजी मुलीला थप्पड मारतात, आणि आयदाने विणून घर चालविणारी आई त्या गुरुजींना जाब विचारते. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनात मुख्याध्यापक मुलाला वर्गाऐवजी झाडलोटीला लावतात; तेथे वडील मुलाच्या हातातील झाडू फेकून देतात आणि त्या शिक्षकाचे नाते द्रोणाचार्याशी जोडतात. दोन भाषांतील या दोन प्रसंगांत मुलाच्या वतीने बोलणारे पालक निरक्षर किंवा अर्धशिक्षित आहेत, आणि तरी शाळा कशासाठी असते हे गुरुजींपेक्षा त्यांना अधिक स्पष्ट समजले आहे. गुरुदक्षिणेच्या परंपरेत एकलव्याचा अंगठा आजवर निष्ठेचा दाखला म्हणून शिकविला गेला. अंगठा मागणाऱ्याकडे त्या बापाचे लक्ष जाते. ऋणाची भाषा येथे प्रथमच उलटी वाचली जाते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. शिक्षक उत्तर देऊ शकत नाही. बहुधा तो हयात नसतो, आणि हयात असला तरी त्याच्यापाशी लेखणी नसते. अशा स्थितीत साक्ष देणारा विद्यार्थीच न्यायाधीश होतो, त्याचे काय? तुटपुंज्या पगारावर, तपासनिसाच्या धाकात, गावकीच्या दडपणाखाली काम करणाऱ्या प्राथमिक शिक्षकाची बाजू या आत्मकथनांत कितपत येते? हा आक्षेप ऋणाच्या स्मृतीलाही लागू पडतो, हे मात्र विसरता कामा नये. गौरवातही शिक्षकाला विचारलेले नसते. फणसाची उपमा त्याच्या संमतीने दिलेली नसते. म्हणून कसोटी कृतज्ञता की कटुता ही असू शकत नाही. शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या मर्यादेसह, त्याच्या अडचणीसह माणूस म्हणून उभे राहू दिले आहे की नाही, ही खरी कसोटी होय. या कसोटीवर कर्वे, यादव आणि पावडे उतरतात. जेथे शिक्षक केवळ दुष्टतेचे प्रतीक होतो, तेथे आत्मकथनही साच्यात अडकते. फक्त तो साचा नवा असतो.

आणखी एक मर्यादा या साऱ्या वाङ्मयालाच आहे. शिक्षकाची आठवण लिहितो तो शाळेत टिकलेला विद्यार्थी. चौथीतून गुरे राखायला गेलेला, सातवीत लग्न झालेली, एका थपडेनंतर परत न आलेला, यांच्यापैकी कोणी स्मरणिकेत लेख लिहीत नाही. ‘पूर्वीचे शिक्षक किती थोर होते’ हे विधान ज्या लेखनाच्या आधारे केले जाते, ते सारे लेखन टिकलेल्यांचे आहे. ज्यांना त्याच शिक्षकांनी नकळत किंवा जाणूनबुजून गमावले, त्यांचे मत नोंदविलेले नाही. आत्मपर गद्यातून समाजाचा इतिहास काढू पाहणाऱ्या समीक्षकाने ही रिकामी जागा गृहीत धरूनच वाचावयास हवे. दलित आणि स्त्री आत्मकथनांचे महत्त्व येथे वेगळ्या रीतीने जाणवते. त्यांतील लेखकही टिकलेलेच आहेत. पण ते थोडक्यात टिकले आहेत, आणि आपल्या शेजारून कोण उठून गेले हे त्यांना आठवते.

ऋण आणि साक्ष यांत म्हणून निवड करावयाची नाही. साक्षीतून गेलेले ऋण तेवढे खरे असते. शिक्षकाने आपल्याला काय दिले हे सांगताना, ते देण्याची मुभा त्याला कुठवर होती आणि वर्गातील कोणाला ते मिळाले नाही, हेही ज्या लेखनातून कळते, त्याच लेखनात शिक्षकाचे मोठेपण टिकून राहते. वेलावरची कविता शिकविणारे मास्तर मराठी गद्यात आहेत. पाण्याची परवानगी देऊनही ती अपुरी पडणारे अनाम शिक्षकही आहेत. दोघांनाही एकाच वर्गात बसवून वाचल्याशिवाय त्या वर्गाचे चित्र पुरे होणार नाही.